पावतीवर एक दर, बिलात दुसरा: दूध संकलनाच्या नियम-भाषेचा अर्थ लिहून काढल्याचं प्रकरण

हे प्रकरण एका दूध संस्थेचं आणि तिच्यासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या एका छोट्या टीमचं आहे. नावं काढून टाकलीत, दराचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून बदललेत, बाकी घडलं तसं लिहितोय. मी इंजिनिअरिंगच्या पोरांना कंपायलर शिकवतो, टीममधली एक डेव्हलपर माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून मला बोलावणं आलं. इतकं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे प्रोग्रामिंग भाषेचा अर्थ गणिती नियमांत लिहिणं, ज्याला फॉर्मल सिमँटिक्स म्हणतात, ते आपल्याकडं परीक्षेच्या पेपरापुरतं राहिलंय, आणि माझं ठाम मत आहे की चार जणांच्या टीमलाही ते परवडतं अन् जिथं लोकांच्या पैशाचा हिशोब आहे तिथं ते करायलाच पाहिजे.

पार्श्वभूमी

संस्थेची संकलन केंद्रं धाराशिव आणि बीड जिल्ह्यांच्या शिवेवर, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहेत. सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, शेतकरी कॅन घेऊन येतो, काट्यावर लिटर, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), मग मोबाइलला जोडलेल्या छोट्या प्रिंटरवर पावती, आणि दर दहा दिवसाला ऑफिसमधून बिल. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया, म्हशीला ६.० आणि ९.०, त्याच्या वर-खाली प्रत्येक पॉइंटला पैसे वाढतात किंवा कापले जातात. त्यावर परत संस्थेचे स्वतःचे नियम, गुणवत्तेचा बोनस, कमी एसएनएफची कपात, पेंडीची उचल वगैरे.

आधी दर बदलला की डेव्हलपरला फोन जायचा आणि कोडमधला आकडा बदलायचा. उन्हाळ्यात दर इतक्यांदा हलायला लागले की टीमनं एक नियम-फाइल काढली, साधी टेक्स्ट फाइल, तिच्यात मराठीत नियम लिहायचे आणि संस्थेच्या अकाउंटंटनं स्वतःच त्या बदलायच्या. जर, तर, नाहीतर, आणि, किंवा, तुलना, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार, आणि दर, फॅट, एसएनएफ, लिटर ही नावं. कल्पना चांगलीच होती. अकाउंटंट साहेब दोन दिवसात शिकले.

पण ही फाइल वाचणारे प्रोग्राम दोन होते. ऑफिसचा सर्व्हर पायथन या प्रोग्रामिंग भाषेत, आणि केंद्रावरचं अ‍ॅप कोटलिन या दुसऱ्या भाषेत. अ‍ॅपला स्वतःचं गणित करणं भागच होतं कारण बऱ्याच केंद्रांवर रेंज नसते, पावती तर जागेवरच द्यावी लागते. दोन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या महिन्यांत, एकाच उदाहरणाच्या फाइलकडं बघून दोन इव्हॅल्युएटर, म्हणजे नियम वाचून दर काढणारे प्रोग्राम, लिहिले. आपण एक प्रोग्रामिंग भाषा तयार केलीय हे त्यावेळी कुणाच्या डोक्यातच आलं नाही, सगळे तिला 'दराची फाइल' म्हणत होते.

अडचण

पहिली तक्रार एका केंद्राच्या सचिवाकडून आली. "मॅडम, पावतीवर एक आकडा अन् बिलात दुसराच, लोकं मला धरायलेत, मी काय सांगू त्यांना?" फरक पैशात असता तर कुणी बघितलं नसतं, पण काही खातेदारांना दहा दिवसाला शे-दीडशे रुपयांचा फरक पडत होता. मोठं दूध असणाऱ्याला जास्त. आणि बिल पावतीपेक्षा कमी आलं की गावात त्याचा अर्थ एकच निघतो, सचिवानं पैसे खाल्ले. त्या माणसाचा काडीचाही दोष नव्हता.

टीमनं शोधलं तेव्हा एक कारण नाही, चार निघाली.

सगळ्यात मोठं कारण नियमांच्या क्रमाचं. फाइलमध्ये असे दोन नियम होते:

नियम १: जर एसएनएफ < ८.३ तर दर = दर − १
नियम २: जर दर >= ३० तर दर = दर + ०.५०

समजा दर ३०.४० आणि एसएनएफ ८.२. सर्व्हर नियम एकामागून एक चालवायचा, पहिल्या नियमानं दर २९.४० झाला, आता तो ३० च्या खाली, म्हणून दुसऱ्याची अट खोटी, बिलात दर २९.४०. अ‍ॅप आधी सगळ्या नियमांच्या अटी मूळ दरावर तपासून घ्यायचं आणि मग खऱ्या ठरलेल्या नियमांच्या कृती लावायचं, म्हणजे दोन्ही अटी खऱ्या, ३०.४० मधून १ गेला, ५० पैसे आले, पावतीवर २९.९०. लिटरला ५० पैशांचा फरक, एका पाळीला १८ लिटर घालणाऱ्याला ९ रुपये, दहा दिवसांच्या वीस पाळ्यांत १८० रुपये. दोन्ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपापल्या जागी अगदी विचार करून लिहिलं होतं, आणि फाइलकडं नुसतं बघून कोण बरोबर हे सांगताच येत नव्हतं.

दुसरं कारण रिकाम्या एसएनएफचं. लाइट गेली की मशीन बंद, मग ब्युटिरोमीटरनं (फॅट मोजायची काचेची नळी) फॅट तेवढं काढतात, एसएनएफची जागा रिकामी. अ‍ॅपनं रिकाम्याला शून्य धरलं, शून्य तर ८.३ पेक्षा कमीच, म्हणजे रुपया कापला. सर्व्हरवर पायथन ३ रिकाम्या किमतीची आकड्याशी तुलना करायला नकार देतं, एरर येते, ती एरर कोडमध्ये पकडून नियम सोडून दिलेला, म्हणजे कपात नाही. (पायथन २ असतं तर तिथंही रिकामं हे कुठल्याही आकड्यापेक्षा लहान धरलं गेलं असतं आणि गुपचूप रुपया कापला गेला असता.)

तिसरं राउंडिंग. पायथनचा राउंड बरोबर मधे अडकलेल्या आकड्याला सम आकड्याकडं नेतो, २.५ चे २ होतात, कोटलिनमधलं जे फंक्शन वापरलं होतं (roundToInt) ते ३ देतं. त्याशिवाय बायनरी अपूर्णांकाचा (कॉम्प्युटर आकडे शून्य-एकमध्ये साठवतो, त्यात बरेच दशांश तंतोतंत बसत नाहीत) घोळ वेगळाच, पायथनला २.६७५ दोन दशांशांपर्यंत राउंड करायला सांगा, २.६७ येतं, कारण आत साठवलेला आकडा २.६७५ पेक्षा जरासा कमी असतो. पैशापैशाचा फरक, पण शेकडो खात्यांत पसरलेला.

चौथं कारण मला सगळ्यात आवडलं, कारण ते कुणी शोधतच नव्हतं. अकाउंटंट साहेब कधी कधी मराठी कीबोर्डवरून '८.३' देवनागरीत टाकायचे. पायथनला देवनागरी आकडा वाचता येतो, तो ८.३ च समजतो. कोटलिनमध्ये दशांश आकडा वाचायचं जे फंक्शन वापरलं होतं त्याला देवनागरी कळत नाही, ते रिकामं परत देतं, आणि अ‍ॅप रिकाम्याला शून्य धरत होतंच. म्हणजे त्या फाइलपुरती कपातीची मर्यादा अ‍ॅपमध्ये शून्य झालेली.

पर्याय

मी पोचलो तेव्हा टीमच्या बोर्डवर तीन पर्याय लिहिलेले होते.

पहिला, सर्व्हर म्हणेल ते खरं आणि अ‍ॅप त्याच्यासारखं करायचं. सोपं वाटतं आणि बहुतेक ठिकाणी असंच करतात. पण सर्व्हरचं वागणं तरी कुणी ठरवलं होतं? एरर पकडून नियम सोडून देणं हा कुणाचा निर्णय नव्हता, तो कोड लिहिताना पडलेला अपघात होता. पायथनची आवृत्ती बदलली असती तर 'खरं' पण बदललं असतं.

दुसरा, एकच इव्हॅल्युएटर लिहायचा आणि तोच दोन्हीकडं वापरायचा, रस्ट या आणखी एका भाषेत लिहून अँड्रॉइडला नेटिव्ह लायब्ररी आणि पायथनला मॉड्यूल. हा पर्याय दमदार होता आणि मी त्याच्या विरोधात बोललो नाही. पण टीममध्ये रस्ट कुणालाच येत नव्हतं, केंद्रांवरचे फोन जुने, आणि मुख्य म्हणजे एकच कोड झाला तरी त्यात क्रम कसा, रिकामं म्हणजे काय, हे ठरवायचं राहतंच. दोन्हीकडं एकसारखं चुकलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं, कारण पावती अन् बिल जुळलं असतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे तर जास्तच वाईट.

तिसरा, मराठीत नीट एक कागद लिहायचा, प्रत्येक नियम कसा चालतो त्याचा, आणि सोबत टेस्ट. हा सगळ्यांना पसंत होता. इथं मी त्यांना अल्गोल ६० या जुन्या प्रोग्रामिंग भाषेची गोष्ट सांगितली. १९६० च्या त्या रिपोर्टमध्ये भाषेचं व्याकरण बॅकस-नॉर पद्धतीनं (कुठली रचना कशापासून बनते ते सूत्रांत लिहायची रीत) इतकं काटेकोर लिहिलं की आजही आपण तसंच लिहितो, पण अर्थ इंग्रजी गद्यात लिहिला. लिहिणारे त्या काळचे सगळ्यात हुशार लोक, तरी १९६७ साली डॉनल्ड कनुथला त्या भाषेत राहून गेलेल्या संदिग्ध जागांवर एक अख्खा लेख लिहावा लागला. फंक्शन आपल्या मनानं बाहेरचं व्हेरिएबल बदलत असेल तर एक्सप्रेशनमधला कुठला भाग आधी चालवायचा, असल्या जागा. आपल्या फाइलमधला नियम १ आणि नियम २ चा तंटा त्याच जातीचा. गद्य वाचताना माणूस आपल्याला हवं ते गाळलेल्या जागेत भरून घेतो, लिहिणारा पण आणि वाचणारा पण.

मग चौथा पर्याय मी मांडला, अर्थ नियमांत लिहायचा आणि तो मशीनवर चालवता येईल असा लिहायचा.

त्यातही प्रकार आहेत. आयबीएमच्या व्हिएन्ना प्रयोगशाळेनं साठच्या दशकात पीएल/वन या भाषेची व्याख्या एका काल्पनिक मशीनच्या रूपात लिहिली, प्रोग्राम चालला की मशीनची अवस्था कशी बदलते ते दाखवत. टोनी होअरनं १९६९ मध्ये प्रोग्रामच्या आधी काय खरं होतं आणि नंतर काय खरं असेल अशा अटींनी अर्थ सांगायची रीत मांडली. क्रिस्टोफर स्ट्रेची आणि डेना स्कॉट यांनी ऑक्सफर्डला सत्तरच्या सुमारास प्रत्येक प्रोग्रामला थेट एक गणिती फंक्शन जोडून दिलं, हे डिनोटेशनल. १९८१ मध्ये गॉर्डन प्लॉटकिननं डेन्मार्कमधल्या आऱ्हुसला दिलेल्या व्याख्यानांच्या टिपणांतून स्ट्रक्चरल ऑपरेशनल पद्धत आली, तिच्यात भाषेच्या प्रत्येक रचनेला एकेक अनुमानाचा नियम, एकेक पायरी करत जाणारा. १९८७ मध्ये जिल काननं तिचंच मोठ्या पावलांचं रूप दिलं, मधल्या पायऱ्या न दाखवता थेट 'हे चालवलं की हे उत्तर'. स्टँडर्ड एमएल या भाषेची १९९० ची व्याख्या अशाच मोठ्या पावलांच्या नियमांत आहे, आणि अलीकडचं वेबअसेंब्ली तर २०१७ पासून अनुमान-नियमांसकटच लोकांपुढं आलं, जे आज प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालतंय.

ठरवताना

मोठी पावलं की छोटी, यावर आमची चर्चा लांबली. मोठ्या पावलांत एक खोट आहे, प्रोग्राम अनंत फिरत राहिला काय किंवा मधेच अडकला काय, दोन्ही वेळा नुसतं 'उत्तर नाही' एवढंच दिसतं. पण आपल्या भाषेत लूपच (तेच काम परत परत करायची रचना) नव्हता, प्रत्येक फाइल संपणारच. आणि छोट्या पावलांचे नियम संख्येनं जास्त, अकाउंटंटला वाचून दाखवायला अवघड. म्हणून मोठी पावलं. डिनोटेशनल पद्धतीनं पण हे मस्त बसलं असतं, लूप नसल्यामुळं तर अवघड गणित लागलंच नसतं, पण टीमला नियम वरून-खाली वाचायची सवय लवकर लागली, तेच धरून चाललो.

टूल कोणतं यात के फ्रेमवर्क या सॉफ्टवेअरचं नाव आधी आलं. त्यात सिमँटिक्स लिहिलं की इंटरप्रिटर (त्या भाषेतले प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम) त्यातूनच मिळतो, २०१२ मध्ये सी भाषेचं आणि पुढं इथेरियम या ब्लॉकचेनच्या व्हर्च्युअल मशीनचं सिमँटिक्स त्यात लिहिलं गेलं. आपल्या दहा-बारा रचनांच्या भाषेसाठी ते फारच जड होतं. शेवटी रॅकेट या भाषेतलं रेडेक्स हे टूल घेतलं. कारणं तीन: माझ्या विद्यार्थिनीनं कॉलेजात स्कीम ही रॅकेटच्याच घराण्यातली भाषा केलेली होती, रॅकेटमध्ये पूर्णांक आणि अपूर्णांक तंतोतंत धरता येतात म्हणजे ३०.४० हा खराच ३०.४० राहतो, आणि रेडेक्स व्याकरणावरून स्वतःच रँडम प्रोग्राम बनवून नियम तपासतं. हे तिसरं कारण पुढं सगळ्यात कामाला आलं.

काम कसं झालं

पहिला नियम आम्ही बोर्डवर सगळ्यांसमोर लिहिला. 'स' म्हणजे अवस्था, कुठल्या नावाला आत्ता काय किंमत आहे त्याची यादी, 'स′' म्हणजे कृती झाल्यावरची अवस्था, आणि ⇓ म्हणजे 'चालवलं की हे मिळतं':

⟨अट, स⟩ ⇓ खरं        ⟨कृती, स⟩ ⇓ स′
――――――――――――――――――――
⟨जर अट तर कृती, स⟩ ⇓ स′

रेघेच्या वरचं दोन्ही होत असेल तर खालचं होतं, एवढाच अर्थ. अट खोटी असली की स जशीच्या तशी राहते, हा दुसरा नियम. मग दोन नियम एकापाठोपाठ आले तर काय, हे लिहायला घेतलं आणि खोलीत एकदम शांतता झाली, कारण इथं लिहावंच लागतं की दुसऱ्या नियमाची अट 'स' वर तपासायची का 'स′' वर. एक फटकारा, म्हणजे 'स' वरची ती छोटी तिरकी खूण, द्यायचा का नाही, एवढंच. पण तो फटकारा म्हणजे त्या माणसाचे १८० रुपये. गद्यात 'नंतर दुसरा नियम लावावा' असं लिहून आपण पुढं गेलो असतो, इथं पेन थांबतोच.

आणि इथंच मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय झाला. फटकारा कुठं द्यायचा हे टीमनं स्वतः ठरवलं नाही. त्यांनी रेडेक्समध्ये दोन्ही अर्थ लिहिले, एक सर्व्हरसारखा, एक अ‍ॅपसारखा, आणि रँडम प्रोग्राम सोडून दोन्हींची उत्तरं जिथं वेगळी येतात असे छोट्यात छोटे नमुने काढले. मग ते नमुने पावतीच्या कागदावर पावतीसारखेच छापले, डावीकडं एक रक्कम, उजवीकडं दुसरी, आणि ते घेऊन मॅनेजर आणि चेअरमनकडं गेले. सिमँटिक्स हा शब्द त्या मीटिंगमध्ये कुणी उच्चारला नाही. प्रश्न एवढाच होता की या दुधाला कुठली पावती बरोबर.

उत्तर लगेच मिळालं नाही. चेअरमनचं म्हणणं, कपात झालेल्या दुधाला बोनस कशाला, बोनस गुणवत्तेचा आहे. मॅनेजर परिपत्रक काढून बसले, त्यात 'मूळ दर ३० व त्यापुढे' असं होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि भाषेत हे दोन वेगळे विचार सांगायला दोन वेगळी नावंच नव्हती. मग भाषेत 'मूळदर' हे न बदलणारं नाव घातलं आणि 'दर' हे बदलणारं राहिलं, नियम एकामागून एकच चालणार हे पक्कं झालं. आता ज्याला परिपत्रकासारखं हवं त्यानं 'जर मूळदर >= ३०' लिहावं, ज्याला चेअरमनसारखं हवं त्यानं 'जर दर >= ३०'. संस्थेनं शेवटी मूळदर घेतला.

रिकाम्या एसएनएफवर तर जास्त वेळ गेला. मॅनेजरनी सांगितलं, लाइट गेली हा शेतकऱ्याचा गुन्हा नाही, कपात करायची नाही पण पावतीवर 'एसएनएफ नाही' असं आलं पाहिजे. वरवर सोपं. पण अकाउंटंटनं एका जुन्या फाइलमध्ये 'जर नाही (एसएनएफ >= ८.३)' असं उलटं लिहिलेलं सापडलं, आणि रिकाम्याशी तुलना खोटी धरली तर त्याच्या 'नाही' चं खरं होतं अन् कपात परत लागते! म्हणून खरं आणि खोटं यांच्या जोडीला 'अज्ञात' ही तिसरी किंमत घेतली. अज्ञातचं 'नाही' पण अज्ञातच, अट अज्ञात आली की नियम सोडायचा आणि पावतीवर शेरा टाकायचा. डेटाबेसवाल्यांना हे ओळखीचं वाटेल, एसक्यूएलमध्ये नल असंच वागतं.

'किंवा' चं काय हे रेडेक्सच्या रँडम तपासणीनं दाखवलं. पहिल्या मसुद्यात डावी बाजू अज्ञात आली की उत्तर अज्ञात असं लिहिलेलं, उजवी बघायचीच नाही. तपासणीनं काढून दिलं की 'एसएनएफ < ८.३ किंवा फॅट < ३.२' आणि त्याचंच उलटं 'फॅट < ३.२ किंवा एसएनएफ < ८.३' यांची उत्तरं वेगळी येतात, एसएनएफ रिकामं आणि फॅट ३.० असताना. अकाउंटंटनं कुठली अट आधी टाइप केली यावर कपात ठरणार, हे कुणालाच मान्य नव्हतं. मग नियम बदलला, कुठलीही एक बाजू खरी असली की 'किंवा' खरं, दुसरी अज्ञात असली तरी.

भागाकार भाषेतून काढूनच टाकला. शून्यानं भागलं तर काय, हे ठरवत बसण्यापेक्षा बघितलं की एकाही खऱ्या फाइलमध्ये भागाकार वापरलेलाच नाही, पॉइंटचं गणित गुणाकारानं होतं. राउंडिंग एकदाच, पाळीच्या एकूण रकमेवर, अर्धा पैसा वर, मधल्या पायऱ्यांत अजिबात नाही, आणि दोन्हीकडं बायनरी फ्लोटच्या जागी दशांश आकडे. देवनागरी अंक व्याकरणातच घेतले, दोन्ही प्रकारचे अंक चालतील आणि जे वाचता येणार नाही त्याला शून्य न धरता अख्खी फाइल नाकारायची, अकाउंटंटच्या स्क्रीनवर ओळ दाखवून.

नियम कागदावर सगळे मिळून पाच पानांत बसले, प्रत्येक नियमाशेजारी दोन ओळी साध्या मराठीत. मग दोन्ही इव्हॅल्युएटर त्यावरून परत लिहिले, आणि रेडेक्सनं तयार केलेले हजारो प्रोग्राम तिन्हींकडं, म्हणजे सर्व्हर, केंद्राचा मोबाइल आणि रेडेक्समधले नियम (यालाच आम्ही मॉडेल म्हणायला लागलो), चालवून उत्तरं जुळवली. रोज रात्री हे चालतं, फरक आला की सकाळी मेल.

निकाल

नवीन इव्हॅल्युएटर चढवल्यावर त्या चार कारणांतली तक्रार परत आली नाही. जुन्या फरकाचं काय करायचं हा वेगळा विषय होता, मॉडेलवरून मागची सगळी बिलं परत काढता आली, आणि जिथं शेतकऱ्याचं कमी गेलं होतं तिथं संस्थेनं पुढच्या बिलात ते जमा केलं. ज्यांना जास्त गेलं होतं त्यांच्याकडून वसूल केलं नाही. सचिवाच्या केंद्रावर जुनी पावती, जुनं बिल आणि नवा हिशोब शेजारी-शेजारी लावले. माझ्या मते तांत्रिक भागापेक्षा त्याचं मोल जास्त, कारण त्या माणसावरचा संशय लेखी पुसला गेला.

एक तक्रार मात्र राहिली, आणि ती आमच्या मॉडेलच्या बाहेरची होती. नवीन दर १ तारखेच्या सकाळपासून लागू, पण ज्या केंद्राला रेंज नाही तिथं फाइल संध्याकाळी पोचली, सकाळची पावती जुन्या फाइलवर निघाली. सर्व्हरनं बिल नव्या फाइलवर काढलं. दोन्ही इव्हॅल्युएटर नियमाप्रमाणंच वागले, सिमँटिक्सनं दोघांनाही बरोबर म्हटलं, आणि पावती-बिल तरी वेगळं. आमच्या 'स' मध्ये फॅट होतं, एसएनएफ होतं, दर होता, कुठली फाइल कुठल्या पाळीपासून लागू हे नव्हतंच. नंतर फाइलच्या डोक्यावर 'लागू पाळी' सक्तीची केली, ती अवस्थेचा भाग केली, आणि पावतीवर फाइलचा नंबर छापायला सुरुवात केली. आता फाइल उशिरा पोचली की अ‍ॅप मागच्या पावतीची दुरुस्ती पावती काढतं.

आता परत केलं तर

एक म्हणजे केंद्रावर आधी जावं. आम्ही ऑफिसमध्ये बसून नियम पक्के केले आणि मग केंद्रं बघितली, लागू पाळीचा प्रश्न सचिवानं पहिल्याच दिवशी सांगितला असता, त्याला तो रोजचा होता. अवस्थेत काय काय घ्यायचं ही यादी ज्याच्या हातात पावती असते त्याच्याकडून घ्यावी.

दुसरं, रेडेक्स एकाच मुलीला येत होतं. ती मधे पुण्याला नोकरीला गेली, आणि दोन महिने रात्रीची तपासणी चालू होती पण नवीन नियम मॉडेलमध्ये घालायला कुणी नव्हतं. पाच पानांच्या कागदावर टीमनं निभावलं, मग दुसऱ्या एकानं रॅकेट शिकून घेतलं. सुरुवातीपासून दोघांनी मिळून लिहिलं असतं तर ही वेळ आली नसती. मॉडेल पायथनमध्येच लिहावं का, असाही विचार झाला, पण मग मॉडेल आणि सर्व्हर एकमेकांच्या कोडकडं बघून लिहिले जातात आणि दोघांत तोच दोष शिरतो, म्हणून मी अजूनही वेगळ्या भाषेच्याच बाजूनं आहे.

तिसरं, रस्टचा एकच इव्हॅल्युएटर करायचा पर्याय आता परत टेबलावर आलाय, आणि आता तो करायला माझी काहीच हरकत नाही, कारण कशाशी जुळवायचं ते लिहिलेलं आहे.

सध्या अडलंय ते दिवाळीच्या दरफरकावर. वर्षभराच्या लिटरवर फरकाची रक्कम द्यायची, म्हणजे भाषेला मागच्या सगळ्या पावत्यांची बेरीज कळायला पाहिजे. अकाउंटंटना ते नियम-फाइलमध्येच लिहायचंय. सरसकट लूप दिला तर 'प्रत्येक फाइल संपतेच' हे आपोआप मिळणारं आश्वासन जातं आणि मोठ्या पावलांची ती खोट अंगावर येते. मी सुचवलंय की फक्त 'बेरीज' ही एकच रचना घालावी, ठरावीक तारखांमधल्या पावत्यांवर चालणारी, म्हणजे ती संपणारच. मॅनेजरना विचारायचा प्रश्न तयार आहे: वर्षाच्या मधे खातं बंद केलेल्या शेतकऱ्याच्या पावत्या त्या बेरजेत धरायच्या का नाही. त्याच्या दोन नमुना पावत्या छापून ठेवल्यात, पुढच्या मीटिंगला त्याच न्यायच्या आहेत.